दमसासाचे मोजमाप आणि मेटाबॉलिक सिंड्रोम

शरीर पूर्ण ताकदीनिशी श्रम करत असताना दर मिनिटाला जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकते, त्या मर्यादेला कमाल ऑक्सिजन-ग्रहण म्हणतात. खेळाडू आणि त्यांचे प्रशिक्षक त्याला सरसकट ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. फुप्फुसांनी आत घेतलेला ऑक्सिजन रक्तात उतरतो, हृदय ते रक्त स्नायूंपर्यंत पोचवते आणि स्नायूंच्या पेशींतील मायटोकॉन्ड्रिया तो वापरून ऊर्जा तयार करतात. या साखळीतली एक कडी जरी कच्ची असली तरी आकडा खाली येतो. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अडॉल्फ फिक याने १८७० साली मांडलेले तत्त्व आजही याच्या मुळाशी आहे : हृदयाने मिनिटाला बाहेर टाकलेले रक्त गुणिले धमनी आणि शीर यांच्या रक्तातील ऑक्सिजनचा फरक, म्हणजे शरीराने वापरलेला ऑक्सिजन. पहिला घटक हृदयाची क्षमता सांगतो, दुसरा बव्हंशी स्नायूंची.

अशी मर्यादा असते, हे प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल आणि त्यांचे सहकारी हार्टली लप्टन यांना जाते. हिल स्वतः धावपटू होते. पाठीवर हवाबंद पिशवी बांधून, तोंडातल्या नळीवाटे उच्छ्वास तिच्यात सोडत ते गवताच्या गोल धावपट्टीवर वेगवेगळ्या वेगांनी धावले. वेग वाढला तसा ऑक्सिजनचा वापर वाढत गेला. तो मिनिटाला सुमारे ४ लिटरवर पोचल्यावर मात्र वेग वाढवूनही फारसा हलला नाही. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून ‘पठार’ ही कल्पना आली : श्रम वाढतात, पण ऑक्सिजनचा वापर वाढत नाही. ज्या पिशवीत उच्छ्वास गोळा केला ती क्लॉड डग्लस यांनी १९११ साली तयार केली होती, आणि उत्तम यंत्रे आली तरी त्यांची पारख करायला अनेक प्रयोगशाळा आजही डग्लस पिशवीच वापरतात.

मेटाबॉलिक सिंड्रोमची गोष्ट बरीच अलीकडची. स्टॅनफर्डचे जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली दाखवून दिले, की वाढलेला रक्तदाब, रक्तातील साखर आणि चरबीचे बिघडलेले प्रमाण ही दुखणी एकेकटी येत नाहीत. ती घोळक्याने येतात आणि त्यांच्यामागे बहुधा इन्सुलिनला न जुमानणारे शरीर असते. पुढे वेगवेगळ्या संघटनांनी वेगवेगळ्या व्याख्या केल्या आणि २००९ साली त्यांच्यात समझोता झाला. त्यानुसार पाचपैकी कोणतेही तीन निकष लागू पडले की मेटाबॉलिक सिंड्रोम आहे असे धरतात : कमरेचा वाढलेला घेर, ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅम किंवा जास्त, ‘चांगले’ कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. यांपैकी एखाद्या बिघाडासाठी औषध चालू असेल, तरी तो निकष लागू धरतात. दक्षिण आशियाई लोकांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर आहे. युरोपीय पुरुषांसाठी ती यापेक्षा जास्त धरली जाते.

या दोन गोष्टींचा संबंध घट्ट आहे. फिनलंडमधील कुओपिओ येथे मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत, ज्यांचे कमाल ऑक्सिजन-ग्रहण किलोमागे मिनिटाला २९.१ मिलिलिटरपेक्षा कमी होते, त्यांच्यात मेटाबॉलिक सिंड्रोम असण्याची शक्यता ३५.५ च्या वर असलेल्यांच्या जवळपास सातपट आढळली. २००२ साली जोनाथन मायर्स आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक पुरुषांच्या ट्रेडमिल चाचण्या तपासल्या. व्यायामक्षमता एक ‘मेट’ने, म्हणजे किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजनने जास्त असली, तर जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी सुधारलेली त्यांना दिसली. अमेरिकन हार्ट असोसिएशनने तर २०१६ साली अशी भूमिका घेतली की नाडी, रक्तदाब यांच्याप्रमाणे ही क्षमताही दवाखान्यात नियमितपणे तपासली जावी. भूमिका रास्त आहे. पण नाडी मोजायला एक मिनिट पुरते, आणि इथे माणसाला दमवून दमवून त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत न्यावे लागते. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या माणसाच्या बाबतीत ते टोक खरोखर गाठले की नाही, इथेच सगळी मेख आहे.

आधी मोजणी कशी होते ते पाहू. हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असतो. चाचणीत नाकातोंडावर घट्ट मुखवटा बसवतात. त्याला जोडलेला मापक बाहेर पडणाऱ्या हवेचे आकारमान मोजतो आणि दोन संवेदक तिच्यातील दोन्ही वायूंचे प्रमाण नोंदतात. समजा, एका ५२ वर्षांच्या, ८६ किलो वजनाच्या पुरुषाने श्रमाच्या टोकाला मिनिटाला ६० लिटर हवा बाहेर टाकली आणि तिच्यात ऑक्सिजन १७.४ व कार्बन डायऑक्साइड ३.९ टक्के निघाला. आत घेतलेल्या हवेचे आकारमान वेगळे मोजत नाहीत. नायट्रोजन शरीरात वापरला जात नाही, त्यामुळे त्याच्या प्रमाणावरून ते काढता येते, आणि ते येते ५९.७ लिटर. त्यातून हिशेब केला की ऑक्सिजनचा वापर मिनिटाला २.०६ लिटर आणि बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड २.३२ लिटर. वजनाने भागले तर किलोमागे २४ मिलिलिटर, म्हणजे ७ मेटला थोडे कमी.

या हिशेबात लहानशी चूकही महाग पडते. ऑक्सिजनचे प्रमाण १७.४ ऐवजी १७.५ टक्के दाखवले गेले, तर उत्तर सुमारे ७५ मिलिलिटरने, म्हणजे जवळजवळ ४ टक्क्यांनी घसरते. म्हणून प्रत्येक चाचणीपूर्वी ठरावीक मिश्रणाचा वायू सोडून संवेदक तपासतात आणि ३ लिटरच्या मोठ्या पिचकारीने हवा ढकलून आकारमान-मापकाची खातरजमा करतात. आकारमान शून्य अंश तापमान, ७६० मिलिमीटर दाब आणि कोरडी हवा या प्रमाणित स्थितीत आणून लिहायचे असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो. यंत्रात मुंबईचा दाब तसाच राहिला, तर पुण्यातला आकडा सहा-सात टक्क्यांनी फुगतो. मुखवट्याचेही तसेच. दाढी असेल तर कडेने हवा निसटते. म्हणून नळीचे तोंड हाताने दाबून जोरात उच्छ्वास सोडायला सांगतात आणि कुठून फुसफुस ऐकू येते का ते पाहतात.

श्रम कशावर करवायचे, हाही प्रश्न आहे. ट्रेडमिलवर जास्त स्नायू कामाला लागतात, त्यामुळे आकडा सायकलपेक्षा साधारण ५ ते १० टक्क्यांनी जास्त येतो, आणि सायकलची सवय नसलेल्यांत ही तफावत आणखी वाढते. तरीही जाड माणसांची चाचणी बरेचदा स्थिर सायकलवर घेतात. सायकलवर शरीराचा भार खोगिरावर असतो, गुडघे वाचतात, तोल जात नाही आणि रक्तदाब मोजताना हात स्थिर राहतो. श्रम वॉटमध्ये नेमके ठरवता येतात, हा वरचा फायदा.

श्रम किती वेगाने वाढवायचे, याचा अंदाज कार्लमन वॉसरमन यांच्या पाठ्यपुस्तकी सूत्राने बांधता येतो. भार न लावता नुसते पेडल मारायलाही ऑक्सिजन लागतो, आणि पाय जड तेवढा तो जास्त : वजनाला ५.८ ने गुणून १५१ मिळवायचे. वरच्या ८६ किलोच्या माणसाला यासाठीच मिनिटाला ६५० मिलिलिटर लागतात. म्हणजे त्याच्या २,०६० पैकी जवळपास तिसरा हिस्सा केवळ स्वतःचे पाय फिरवण्यात जातो. उरलेले १,४१० मिलिलिटर दर वॉटला सुमारे १० या हिशेबाने १४० वॉटपर्यंत पुरतात. चाचणी ८ ते १२ मिनिटांत संपावी असा संकेत आहे, तेव्हा त्याच्यासाठी दर मिनिटाला १४ वॉटची वाढ योग्य ठरते. तरुण खेळाडूंसाठी बेतलेली २५-३० वॉटची वाढ त्याच्या माथी मारली, तर पाच मिनिटांत मांड्या भरून येऊन तो उतरेल, आणि हृदय-फुप्फुसांची परीक्षा राहूनच जाईल.

माणूस थांबला, पण तो कमाल मर्यादेला पोचून थांबला की त्याआधीच कंटाळून, घाबरून, गुडघा दुखून थांबला, हे ठरवायला काही ठोकताळे रूढ आहेत. मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये ते जवळपास सगळेच डळमळतात.

पहिला निकष पठाराचा. मिनेसोटा विद्यापीठातील टेलर, बस्कर्क आणि हेन्शेल यांनी १९५५ साली तो नेमका केला : श्रमाचा पुढचा टप्पा चढूनही ऑक्सिजनचा वापर १५० मिलिलिटरपेक्षा कमी वाढला, तर पठार आले असे समजावे. त्यांचे प्रयोग ट्रेडमिलवर होते आणि त्यांचा प्रत्येक टप्पा याच्या जवळपास दुप्पट वाढ घडवणारा होता. आता आपल्या ८६ किलोच्या माणसाकडे पाहा. त्याच्या चाचणीत मिनिटाला १४ वॉट वाढतात, म्हणजे अपेक्षित वाढच मिनिटाला सुमारे १४० मिलिलिटर. १५० चा निकष तसाच लावला, तर चाचणीच्या तिसऱ्या मिनिटालाही ‘पठार आले’ असे म्हणता येईल! उलट बाजूने, सतत चढत जाणाऱ्या भाराच्या चाचणीत धडधाकट माणसांतही खरे पठार अनेकदा दिसतच नाही. व्यायामाची सवय नसलेल्यांत तर ते क्वचितच दिसते, कारण ते दिसण्यासाठी दम पूर्ण लागल्यावरही आणखी मिनिटभर रेटावे लागते.

पठार दिसले नाही की दुय्यम निकषांचा आधार घेतात. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन हे गुणोत्तर १.१० च्या वर गेले, की श्रम पुरेसे झाले असे मानतात. वरच्या उदाहरणात ते २.३२ भागिले २.०६, म्हणजे १.१२ आहे, तेव्हा या निकषाने तो उत्तीर्ण. पण हा निकष फार ढिला आहे. डेव्हिड पूल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली सुदृढ तरुणांवर दाखवले, की १.१० ला पोचल्याबरोबर चाचणी थांबवली असती, तर त्यांची क्षमता खऱ्यापेक्षा एक चतुर्थांशाहूनही कमी नोंदली गेली असती. बैठ्या माणसात हे गुणोत्तर लवकर चढते, कारण त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल थोड्या श्रमातच साठू लागते. म्हणजे ज्याची क्षमता कमी, त्यालाच हा निकष लवकर सोडून देतो.

दुसरा आधार हृदयाच्या ठोक्यांचा. २२० वजा वय हे सूत्र सर्वांना पाठ आहे. त्याने ५२ व्या वर्षी १६८ ठोके येतात, आणि तनाका यांच्या २००१ च्या सुधारित सूत्राने १७२. पण एकाच वयाच्या माणसांत कमाल ठोक्यांचा फरक दहा-वीस सहज असतो. त्यात मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्यांपैकी अनेकांना रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर दिलेले असते. हे औषध ठोके दाबून धरते. असा माणूस पूर्ण दमला तरी १३० च्या पुढे जाणार नाही, आणि कागदावर ‘प्रयत्न अपुरा’ असा शेरा पडेल. औषध नसतानाही काहींचे हृदय श्रमाला पुरेसा वेग पकडत नाही. लॅक्टेट ८ मिलिमोलच्या वर जावे हा आणखी एक जुना निकष. श्रम किती जड वाटतात हे ६ ते २० अंकांत सांगण्याची स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची पट्टीही वापरतात. पण ज्याने वीस वर्षांत जिना सोडून काही चढलेले नाही, त्याला १५ आणि १९ यांतला फरक कळावा अशी अपेक्षा धरणे जरा जास्तच आहे.

यावर जास्त खात्रीचा उपाय म्हणजे पडताळणी-फेरी. पहिली चाचणी संपल्यावर माणसाला विसावू देतात. मग आधी गाठलेल्या भाराच्या ११० टक्के भार एकदम लावून जमेल तितका वेळ पेडल मारायला सांगतात. आपल्या माणसासाठी तो १५४ वॉट होईल आणि तो फार तर दोन-तीन मिनिटे टिकेल. श्रम १० टक्क्यांनी वाढूनही ऑक्सिजनचा आकडा पहिल्याइतकाच, म्हणजे दोन-तीन टक्क्यांच्या आत राहिला, तर ती मर्यादा खरी. आकडा स्पष्टपणे वर गेला, तर पहिली चाचणी अपुरी होती असा निष्कर्ष निघतो. स्पेनमधील टोलेडो येथे कॅस्टिया-ला मांचा विद्यापीठाच्या व्यायामशास्त्र प्रयोगशाळेने मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या लोकांवर हीच पद्धत वापरली, तेव्हा बऱ्याच जणांत दुसऱ्या फेरीचा आकडा पहिल्यापेक्षा जास्त निघाला. पहिल्या फेरीत त्यांचे पाय किंवा मन आधी थकले होते. जिथे पडताळणी झालेली नाही, तिथे काटेकोर संशोधक ‘कमाल’ न म्हणता ‘शिखर’ ऑक्सिजन-ग्रहण म्हणतात, म्हणजे त्या दिवशी गाठलेला सर्वांत वरचा बिंदू. फरक शब्दाचा वाटला तरी उपचार मोजताना तो अंगाशी येतो. तीन महिन्यांच्या व्यायामानंतर आकडा वाढला, तेव्हा क्षमता वाढली की नुसते धाडस वाढले, हे शिखराच्या आकड्यावरून सांगता येत नाही.

पुढचा घोळ भागाकाराचा. किलोमागे आकडा काढताना चरबीही छेदात येते, आणि चरबी श्रमात जवळपास काहीच ऑक्सिजन वापरत नाही. आपल्या माणसाच्या ८६ किलोंपैकी २८ किलो चरबी असेल, तर उरलेल्या ५८ किलोंमागे त्याचा आकडा ३५.५ येतो. म्हणजे त्याच्या स्नायूंची आणि हृदयाची स्थिती २४ हा आकडा भासवतो तितकी वाईट नाही. आता त्याने खाणे आवरून ८ किलो चरबी घटवली, पण व्यायाम मुळीच केला नाही असे धरा. वापर २.०६ लिटरच राहिला, तरी ७८ किलोंनी भागून २६.४ मिळतात. अहवालात १० टक्के सुधारणा दिसते आणि हृदयाला तिचा पत्ताही नसतो! म्हणून लिटरमधला मूळ आकडा, वजनामागचा आणि चरबीविरहित वस्तुमानामागचा, असे तिन्ही देणे चांगले. जिना चढताना शरीर पूर्ण उचलावेच लागते, तेव्हा वजनामागचा आकडाही निरुपयोगी नाही. तो रोजच्या जगण्यातली कुवत सांगतो, पहिला इंजिनाची.

भारतीयांच्या बाबतीत चरबी नुसत्या वजनावरून ओळखता येत नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एका छायाचित्रासह दाखवले. छायाचित्रात ते स्वतः आणि लंडनचे जॉन युडकिन आहेत. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसातही मेटाबॉलिक सिंड्रोम का सापडतो, याचे उत्तर बरेचसे इथे आहे. तेव्हा ऑक्सिजनच्या आकड्यासोबत शरीररचनेची मोजणीही करायला हवी.

वायू न मोजता अंदाज करण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची टीएमटी, म्हणजे ट्रेडमिल चाचणी, ही त्यांतलीच. सिएटलचे रॉबर्ट ब्रूस यांच्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो, आणि माणूस कोणत्या टप्प्यापर्यंत टिकला त्यावरून मेट काढतात. दुसरा टप्पा, ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के चढ, म्हणजे सुमारे ७ मेट. तिसरा, ताशी ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के चढ, म्हणजे सुमारे १०. हा हिशेब हात मोकळे सोडून चालणाऱ्याचा आहे. प्रत्यक्षात घाबरलेला माणूस पुढचा दांडा घट्ट धरून अंगाचा भार त्यावर टाकतो, आणि ७ मेटची कुवत असलेला तिसऱ्या टप्प्यातही काही काळ तग धरतो. अहवालावर मात्र १० मेट छापले जातात. हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा दोष शोधण्यासाठी टीएमटी उपयोगी आहे. कमाल ऑक्सिजन-ग्रहणाचा आकडा म्हणून तिच्याकडे पाहू नये. शिवाय विश्रांतीत किलोमागे ३.५ मिलिलिटर ही मेटची व्याख्याच जाड माणसांना लागू पडत नाही. त्यांचा खरा वापर त्याहून बराच कमी असतो. मनगटी घड्याळे ठोके आणि चालीचा वेग यांवरून अंदाज बांधतात. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याचे ठोके औषधाने कमी असतात, आणि घड्याळाला वाटते की माणूस तंदुरुस्त आहे.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करून यातले काहीच करता येत नाही. चाचणीपूर्वी वैद्यकीय तपासणी आणि विश्रांतीतला इसीजी हवा, चाचणीभर इसीजी आणि ठरावीक वेळाने रक्तदाब पाहायला हवा. वरचा रक्तदाब २५० च्या किंवा खालचा ११५ च्या पुढे गेला, छातीत दुखले, चक्कर आली किंवा इसीजीत बदल दिसले, की चाचणी थांबवतात. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर आधी आणि नंतर तपासतात. औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. ती कोणती, किती आणि किती वाजता घेतली हे नोंदवणे महत्त्वाचे, कारण पुढच्या चाचणीलाही तीच स्थिती हवी. पेडल मारणे एकदम थांबवले तर रक्त पायांत साचून घेरी येते, म्हणून शेवटची काही मिनिटे हलक्या भारावर पाय फिरवत ठेवतात.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे एक उत्तर नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या प्रयोगात आहे. आर्न्ट एरिक त्योन्ना आणि सहकाऱ्यांनी २००८ साली मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या ३२ जणांवर केलेल्या या प्रयोगात व्यायाम आठवड्यातून तीनदा, १६ आठवडे चालला. एका गटाने कमाल ठोक्यांच्या ९० टक्क्यांवर चार-चार मिनिटांच्या चार फेऱ्या केल्या, दुसऱ्याने ७० टक्क्यांवर सलग व्यायाम केला, तिसऱ्याने काहीच केले नाही. पहिल्या गटाचे कमाल ऑक्सिजन-ग्रहण ३५ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्याचे १६ टक्क्यांनी. दोन्ही व्यायाम-गटांचे वजन जवळपास सारखेच घटले होते. वजनकाट्याला जो फरक दिसला नाही, तो वायुमापनाने दाखवला.

एकाच माणसाचा आकडा एका दिवशीहून दुसऱ्या दिवशी ५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे होतो. तेव्हा अहवालात २४ चे २५ झाले, तर ती प्रगती समजू नये. चाचणी सायकलवर झाली की ट्रेडमिलवर, वायू मोजला की अंदाज केला, पडताळणी झाली का, कोणती औषधे चालू होती आणि भागाकार कशाने केला, या पाच गोष्टी अहवालात नसतील, तर चाचणी घेणाऱ्याला त्या विचारून घ्याव्यात.